मागणी निरंक

कृषी सहायकाचं खरं काम लोकांच्या अंगणात होतं. श्रीवर्धन तालुक्यातली सहा गावं माझ्याकडे आहेत. सुपारी, नारळ, थोडा आंबा, खालच्या अंगाला भात. फॉर्म कार्यालयात बसूनही भरता येतात, पण अंगणात बसल्याशिवाय कोणी खरं बोलत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी बोर्ली पंचतनजवळच्या बौद्धवाडीतली. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते गेले. आई आणि मी असतो. नोकरीच्या सुरुवातीला दोन-तीन घरांत मला पाणी वेगळ्या पेल्यातून यायचं. मी ते प्यायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे. पेला बदलायला काही वर्षं लागली, पण बदलला. पुढे पुढे सभेत कोणी शंका काढली तर दुसरंच कोणी म्हणायचं, "मॅडम बोलल्यात ना, मग झालं." चौदा वर्षांत मी मिळवलेली वस्तू कुठली म्हणाल, तर हे वाक्य.

मोठं वादळ झालं तेव्हा मी पंचनामे करत चिखलातून फिरत होते. सुपारीच्या वाड्या झोपल्या होत्या. आठवड्याभरात बाहेरचे ट्रक आले. फणस, आंबा, उंडी, जे उचलता आलं ते पडत्या भावात गेलं. जे उरलं ते लोकांनी पेटवलं, कारण घरापर्यंतची वाट तरी मोकळी व्हायला हवी होती. पन्नास-साठ वर्षांची झाडं आठ दिवसांत धूर झाली. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटायला सवड नव्हती.

त्या पंचनाम्यांच्या वेळीच अलिबागहून आलेले एक वरिष्ठ अधिकारी माझ्याबरोबर चार दिवस फिरले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. शांत माणूस. चपला हातात घेऊन ओहोळ ओलांडायचे आणि कोणाच्याही पडवीत जमिनीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायची सोय कुठेच नव्हती, म्हणून मी त्यांना घरी नेलं. आईने भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. सर चुलीपाशीच पाट घेऊन बसले. आमच्या वाडीत येऊन, काही आढेवेढे न घेता चुलीपुढे बसून जेवणारा त्या हुद्द्याचा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. ही गोष्ट मी त्यांच्या खात्यात फार मोठी करून ठेवली.

आई चुलीत एक फळी सारत होती. फळीला अजून लोखंडी बिजागरी होती. सरांनी विचारलं, "काकू, हे दाराचं लाकूड का?"

"आधी होडीची फळी व्हती ही," आई म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं कोळीवाड्यातनं आणली, भाताच्या बदल्यात. मग गोठ्याचं दार केलं. ढोरं गेली, दार सडाय लागलं, तवा ह्यांनी त्याची मांडणी केली पुस्तकांला. वादळात मांडणी भिजली. आता जळंल. राख अळूला घालीन."

सरांनी डायरी काढली आणि तिच्या तोंडचं सगळं लिहून घेतलं. मग मला म्हणाले, "बघा मॅडम, एका फळीची चार कामं झाली आणि जळण सगळ्यात शेवटी. हे शासनाला कळलं असतं तर या आठवड्यात इतकं लाकूड वाया गेलं नसतं. तुम्ही यावर टिपण लिहा. मी वर नेतो."

मी लिहिलं. दोन महिने रविवारी लिहीत होते. गावागावातून विचारून आणलं की कुठल्या झाडाचं पहिलं काम काय, दुसरं काय, शेवटचं काय. सुपारीचं खोड आधी मांडवाला, मग कुंपणाला, मग चुलीला. आंब्याच्या फळ्या, फणसाचा पिवळा गाभा, नारळाचा ओंडका. सगळ्यात जास्त भांडले मी वाकड्या लाकडासाठी. सरकारी कागदावर लाकूड दोनच प्रकारचं असतं, इमारती आणि जळाऊ. सरळ ते इमारती आणि वाकडं ते जळाऊ. पण होडी बांधणाऱ्याला आतल्या फासळ्यांसाठी वाकडंच लाकूड लागतं, जन्मतःच वाकलेलं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर ते समुद्र मोडतो. मी लिहिलं की या लाकडाला तिसरा रकाना द्या.

अलिबागच्या बैठकीत कोणीतरी हसलं. "वाकड्याला रकाना? मॅडम, सरळ कामांनाच रकाने पुरत नाहीत." सगळेच हसले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "रकाना राहील." आणि राहिला. मसुद्यावर नाव होतं 'लाकूड व बायोमास यांचा क्रमवार वापर'. आत पहिलं कलम होतं की लाकूड आधी टिकाऊ कामाला, मग किरकोळ कामाला आणि दुसरं काहीच होत नसेल तर इंधनाला. परतीच्या एसटीत ते पान मी किती वेळा वाचलं असेन. आईच्या चुलीपासचं बोलणं सरकारी भाषेत उतरलं होतं, आणि ते अंगावरचं नवं कापड पाहावं तसं मी पुन्हा पुन्हा पाहत होते.

दोन वर्षं फाइल फिरत राहिली. मग सरांचा फोन आला. प्रयोग म्हणून आपल्याच पट्ट्यात सुरुवात होणार होती. पडलेली, वठलेली, वादळापासून परसात पडून असलेली झाडं लोकांनी रोपवाटिकेच्या जुन्या आवारात आणून द्यायची. तिथे त्यांची निवड होणार. गावच्या सुताराला, शाळेला, होडीवाल्याला ज्याची मागणी असेल ते आधी मिळणार आणि उरलेला चुरा-फाटा तेवढा जळणासाठी भुशाच्या कांड्या करणाऱ्या कारखान्याला जाणार.

"फक्त एक आहे," सर म्हणाले. "लोक खात्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुमच्यावर ठेवतील. सभा तुम्ही घ्या."

मी सहाही गावांत सभा घेतल्या. कोणी विचारलं की लाकूड नेऊन विकलं तर? मी म्हटलं, "माझं लाकूड सगळ्यात आधी येईल. मग तुम्ही आणा."

माझं लाकूड म्हणजे आमचा फणस. वडिलांना नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी लावलेला. वादळात तो आडवा झाला तेव्हा आईने एकाही व्यापाऱ्याला हात लावू दिला नव्हता. दगडांवर ठेवून, वर पत्रा टाकून तिने तो ओंडका परसात जपला होता. मी विचारलं तेव्हा तिने पत्रा बाजूला करून ओंडक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "शाळेची बाकं व्हत असतील तर ने. मास्तरांचा फणस हाय, पोरांच्या खाली गेलेला बरा."

मुख्याध्यापकांनी आठ बाकांची मागणी लिहून दिली. ती यादीतली पहिली मागणी.

फणस आवारात गेला आणि पुढच्या पंधरवड्यात आवार भरलं. लोकांनी बैलगाडीतून, टेम्पोतून, खांद्यावरून लाकूड आणलं. जवळच्या कोळीवाड्यातले मिस्त्री आले. सत्तरीचे असतील. लाकडी होड्या बांधणारे आता तेच एकटे उरले होते, बाकी सगळीकडे फायबर. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे साचे होते, हातभर आणि दोन हात लांब, चंद्रकोरीसारखे. तीन दिवस ते त्या ढिगात उन्हातान्हात फिरत होते. फांदी उचलायची, साचा लावायचा, बाजूला ठेवायची. जमलेल्या फांद्यांवर गेरूने खूण करायची.

"जोडीनं लागतात बाय," त्यांनी मला दाखवलं. "ही डावी. हिची उजवी शोधाय माझी सकाळ गेली. अशा अकरा जोड्या झाल्या. अजून पाच गावल्या की होडी हुबी ऱ्हाईल. हीच शेवटची माझी."

"तुमच्या खुणेच्या लाकडाला कोणी हात लावणार नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी उच्चारलं. सरांनी ते माझ्या तोंडी घातलं नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पनवेलकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, आवारात मशीन लागलंय. बाकांचं लाकूड वेगळं काढलंय ना?"

मी प्रशिक्षण सोडून निघाले. माणगावला गाडी बदलून दुपारी आवारात पोहोचले. आवाज रस्त्यावरूनच येत होता. ट्रॅक्टरला जोडलेलं लाकूड भरडायचं मशीन, आणि त्याच्या तोंडातून ट्रकमध्ये उडणारा चुरा. दोन दिवस ते चालू होतं. ढीग कंबरेएवढा उरला होता. ट्रकच्या मागच्या बाजूला काही चुरा सांडला होता, त्यात गर्द पिवळे तुकडे होते. आमच्याकडे इतकं पिवळं लाकूड फणसाचंच. मी ओंजळीत घेतलं आणि वास घेतला. मग रोपवाटिकेच्या जुन्या फलकाच्या आडोशाला जाऊन पाहिलं, जिथे मिस्त्रींच्या जोड्या रचून ठेवल्या होत्या. तिथे जमीन झाडून घेतलेली होती.

"बंद करा!" मी ओरडले. मशीनवाल्याला ऐकू आलं नाही, म्हणून मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याने मशीन बंद केलं. चांगला माणूस होता, घाबरला. म्हणाला, "मॅडम, आदेश आहे. सगळा साठा उचलायचा. यात आमचा काय दोष?"

त्याने खिशातून झेरॉक्स काढून दिली. मी ट्रकच्या सावलीत उभी राहून वाचली. 'स्थानिक मागणी निरंक असल्याने संपूर्ण साठा इंधनाकरिता वर्ग करण्यात येत आहे.' खाली सरांची सही. मी तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. माझ्या पहिल्या सभेच्या आधीची तारीख होती ती.

म्हणजे आईने पत्रा बाजूला करून ओंडक्यावरून हात फिरवला त्या दिवशी त्याचं काय होणार हे ठरलं होतं. मिस्त्री उन्हात जोड्या जुळवत होते तेव्हाही ठरलेलं होतं. मुख्याध्यापकांचं पत्र, सुताराची मागणी, मिस्त्रींचा अंगठा, सगळी यादी माझ्या पिशवीत होती, आणि ती मी लिहायला घेण्याआधीच कागदावर निरंक झाली होती.

उरलेल्या ढिगातून मी गेरूच्या खुणेच्या चार फांद्या ओढून काढल्या. मशीनवाल्यानेच हात लावला. एका टेम्पोतून त्या कोळीवाड्यात नेल्या. मिस्त्री पडवीत रंधा घासत बसले होते. मी झालेलं सगळं सांगितलं, तारखेसकट. ते उठले, फांद्या एकेक करून पाहिल्या, आडव्या मांडल्या.

"तीन डाव्या," ते म्हणाले. "एक उजवी, ती बी दुसऱ्या मापाची."

"मिस्त्री, मला माहीत नव्हतं."

"व्हय. तुला ठावं असतं तर तू मास्तरांचा फणस दिला नसतास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पन बाय, मी त्या ढिगात गेलो कुणाच्या भरवशावर? खात्याच्या न्हाय."

त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला गेले. सरांनी नेहमीसारखं "बसा" म्हटलं. मी बसले नाही. झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली.

ते ती वाचत राहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षी वजन दाखवायचं होतं. किती टन इंधन झालं, तेच वर मोजलं जातं. किती बाकं झाली हे कोणी विचारत नाही. वजन दाखवलं नसतं तर योजनाच बंद पडली असती. पुढच्या वर्षी तुमचं सगळं करू."

"सभेआधी तुम्हाला माहीत होतं?"

"प्रशासकीय बाब आहे ती."

"मला सांगितलं असतं तर?"

"तर तुम्ही सभा घेतल्या नसत्या," सर म्हणाले. अगदी सरळ, आवाज न चढवता. "आणि तुमच्याशिवाय ते लाकूड आलं नसतं."

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्या माणसाने माझी किंमत ओळखली होती, बैठकीत माझी बाजू घेतली होती, माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्ली होती. आणि यातलं काही नाटक नव्हतं. माझा शब्द गावात चालतो हे त्याने माझ्याइतकंच नीट पाहिलं होतं. आणि माझ्या आईच्या फळीच्या चार कामांतलं शेवटचं, जळण, तेवढंच त्याने उचललं.

मी लेखी तक्रार दिली, मागण्यांची यादी जोडून. उत्तर आलं, 'नोंद घेण्यात आली आहे.' मी ज्या सहा गावांत सभा घेतल्या होत्या त्या सहाही गावांत पुन्हा गेले आणि आदेश मोठ्याने वाचून दाखवला, तारखेसह. म्हटलं, "मी फसले. पण तुम्ही माझ्यामुळे फसलात, तर जबाबदार मी." बहुतेक ठिकाणी लोक ऐकून आपापल्या कामाला गेले. एका गावात एक शेतकरी उठून म्हणाला, "मॅडम, मोठ्यांनी तुम्हाला फसवलं, तुम्ही आम्हाला. आमच्या खाली आता कोण हाय, ते सांगा." कोणी हसलं नाही. शासकीय कागद विनापरवानगी जाहीर वाचल्याबद्दल मला मेमो आला. त्याचं मी उत्तर दिलं. बदली झाली नाही. का झाली नाही ते माहीत नाही. सरांची झाली, वरच्या जागेवर.

पावसाळ्यानंतर कार्यालयात धोरणाची छापील पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रं. पहिल्याच पानावर चौकटीत होडीच्या फळीची हकीकत होती. होडी, गोठ्याचं दार, पुस्तकांची मांडणी, चूल, राख. 'कोकणातील एका ग्रामस्थ महिलेचा अनुभव' म्हणून. मी ती पुस्तिका घरी नेणार नव्हते, पण पिशवीतल्या कागदांबरोबर गेली. आईला वडिलांनीच वाचायला शिकवलं होतं. तिने चष्मा लावून ते पान पूर्ण वाचलं, बोट ठेवून.

"माझी फळी छापली व्हय?"

"हो."

"मंग फणस का जाळला?"

तिने पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली आणि निवडायला घेतलेली भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. सरांना त्या दुपारी वाढलेलं स्टीलचं ताट तिने शेजारच्या घरी देऊन टाकलं. का दिलं, तर म्हणाली जास्त झालीत भांडी.

मिस्त्रींनी होडी बांधली नाही. गुडघे दुखतात म्हणतात. फायबरच्या होड्यांची डागडुजी करतात, त्यांच्या अंगणातून आता औषधासारखा उग्र वास येतो. रस्त्यात भेटले की मान हलवतात. पूर्वी थांबायचे.

योजना चालू आहे. दुसऱ्या वर्षी खरोखरच निवड झाली असं ऐकलं, दुसऱ्या पट्ट्यात. तिथे शाळेला काही बाकं मिळाली म्हणे. मिळाली असतील तर चांगलंच आहे. आमच्या सहा गावांतून एक काटकीही गेली नाही.

गेल्या महिन्यात एका वाडीत गेले होते. बाई ओळखीच्या, त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मीच भरून दिला होता. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर आले तर त्या परसात घाईघाईने कशावर तरी निळी ताडपत्री ओढत होत्या. कडेने जाड खोड दिसत होतं, ताजं कापलेलं, आंब्याचं असावं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. हातातली ताडपत्री तशीच धरून त्या उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी लाकडासाठी नाही आले," मी म्हटलं.

"न्हाय, तसं काय न्हाय," त्या म्हणाल्या. पण ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवूनच त्या पुढे आल्या. मला पडवीत बसवलं, पाणी दिलं, चांगल्या पेल्यातून. बशीत दोन लाडू ठेवले. मग खाली बघत म्हणाल्या, "ताई, तुम्ही यायचं थांबू नका. फक्त लाकडाचं सोडून बोला."

त्यांच्या सुपारीला यंदा फार गळ होती. कच्ची फळं खाली पडून काळी पडली होती. त्यांनी ओंजळभर आणून माझ्यापुढे ठेवली. मी एकेक उचलून पाहिली, बुरशी कुठवर गेली आहे ते दाखवलं, आणि फवारणी कधी करायची ते सांगायला लागले.